छत्रीचं तोंड

उद्या दहा ते दोनच्या दरम्यान
विट्याहून साजीद तांबोळी येणार आहे, नवी छत्री बसवायला.
फोनवर म्हणाला, गच्ची मोकळी करून ठेवा,
टीव्हीजवळचा प्लग चालतोय का बघा,
आधारची झेरॉक्स लागंल,
आणि शिडी आहे ना घरात, काका?
आहे. दोन पायऱ्या सुतळीनं बांधलेल्या.

जुन्या कंपनीची बाई सकाळपासून तीनदा बोलली.
इतकी वर्षं एक शब्द नाही,
आता म्हणते सर, का जाताय, एक महिना फुकट देते.
म्हटलं, पोरानं ठरवलंय.
महिन्याला नव्वद रुपये वाचतात.
पोरगा कोइमतूरला,
माझ्याच गाळ्यात, माझ्याच भट्टीपुढं बसून
लेंगऱ्यातल्या घराचा हिशेब करतो.

गच्चीवरचे सांडगे मालननं खाली आणले.
शिंत्र्यांचा शेवगा आमच्या बाजूला झुकलाय,
एक फांदी विचारून तोडली.
शेंगा त्यांनी मागून नेल्या, पाला आम्हाला ठेवला.

मग टीव्हीचं कपाट पुढं ओढलं.
मागं नऊ वर्षांची धूळ,
पेनाचं टोपण, नातवाची गोटी,
आणि रिमोटचं ते झाकण, ज्याच्या जागी
आम्ही चिकटपट्टी लावत आलो.
धूळ केरसुणीनं गोळा केली
आणि बघतो तर मी ती कागदात बांधतोय,
चारी कडा दुमडून, पुडी.
गलाईवाल्याचा हात.
दुकानातली झाडलोट आम्ही कधी टाकली नाही.
पायपुसणंसुद्धा जाळून राख धुवायचो,
गुंज-दोन गुंजा निघायच्याच.
मालन दारातून बघत होती.
"टाका की. यात काय निघायचंय."
हो म्हटलं, आणि पुडी खिशात घातली.

वर गेलो. जुन्या छत्रीचे बोल्ट गंजलेत.
रॉकेल कुठलं मिळायला आता, खोबरेल सोडलं.
ते मुरेपर्यंत उभा राहिलो
आणि पहिल्यांदाच नीट बघितलं, हिचं तोंड कुठं आहे ते.
दक्षिणेला, किंचित पूर्वेकडं कललेलं.
नवीन अजून पूर्वेला फिरवायला लागंल, साजीद म्हणाला होता,
आपला उपग्रह वेगळा, काका.
मी बोट लांब करून हवेत रेघ मारली
शेवग्यावरून, पाण्याच्या टाकीवरून,
कवठेमहांकाळ, अथणी,
मग सगळा कर्नाटक,
आणि बोट जाऊन थांबलं
कोइमतूरच्या आमच्या बोळात.

एकवीस वर्षं काढली तिथं.
मला त्या भाषेत वजन, भाव आणि 'उद्या या' एवढंच येतं.
मालनला कनकवल्लीशी भांडता यायचं,
नळावरून, वाळत घातलेल्या मिरच्यांवरून,
आणि संध्याकाळी तिच्याच दारात बसून हसता.
गावी आल्यापासून साडेआठची ती मालिका.
मी म्हणायचो, कडकड बंद कर.
ती आवाज दोननं वाढवायची.

खाली येऊन साजीदला परत फोन लावला.
मराठी आहे तुमच्या पॅकात, म्हणाला,
हिंदी आहे, शेतीचं आहे, भजनाचं आहे.
म्हटलं, तमिळ?
थोडा वेळ नुसता गाडीचा आवाज.
"तमिळ कुणाला, काका?"
म्हटलं, आहे घरात एक माणूस.
"वरचे सत्तर पडतील."
नव्वदातले सत्तर गेले. राहिले वीस.
पोराला सांगायचं नाही.

आत्ता साडेआठ वाजलेत.
कपाट पुढं ओढलेलंच आहे, टीव्ही तिरका,
म्हणून मालनही तिरकी बसलीय.
मधेच मला सांगते, स्वतःहून,
ही धाकटी, हिनं मंगळसूत्र गहाण टाकलंय,
आणि सासूला वाटतंय हरवलं.
मी विचारलं, किती ग्रॅमचं?
"गप बसा," म्हणाली, "ऐकू द्या."